पायभाता

लग्नाची पेटी रंगवावी तर इंद्रभाननेच, असा कारंज्यात आणि आसपासच्या खेड्यांत शिरस्ताच पडून गेला होता. पत्र्याची पेटी कुठूनही आणा. तिच्यावर हिरवा नाहीतर गुलबक्षी रंग, चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी आणि मधोमध नवरीचं नाव, हे काम इंद्रभान पेंटरचं. आंदणातली भांडी लोक वाजवून बघत, पेटीवरचं नाव मात्र मांडवात मोठ्याने वाचून दाखवत. सासरी गेल्यावर पोरीचं नाव बदललं तरी पेटीवर तिचं माहेरचं नाव तसंच राहायचं. म्हाताऱ्या बायका त्यावरून हात फिरवताना इंद्रभानने स्वतः पाहिल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याची मान जरा ताठच झाली होती.

एका उन्हाळ्यात ‘कौसल्या’ नावातला काना ओढताना ब्रश वळवळला. त्याने रॉकेलच्या बोळ्याने काना पुसला, पुन्हा ओढला, पुन्हा वळवळला. मग त्याला कळून चुकलं की दोष ब्रशाचा नाही. ब्रशाचं टोक ओठांनी ओलं करून अणकुचीदार करायची त्याची जुनी सवय. इतकी वर्षं तो रंग पोटात जाऊन काय करत होता, हे बघायला कोण गेलं होतं? उजवा हात थरथरायला लागला तो लागलाच. कधी सकाळी कमी असायचा, दुपारी वाढायचा.

दुसरा एखादा असता तर चारचौघांत बोलून मोकळा झाला असता. पण इंद्रभानच्या घरात हाताची गोष्ट साधी नव्हती. त्याच्या बापाने अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या दारात हात पसरून भाकर मागून आणली होती. धम्म घेतला त्या साली बापाने तो हात कायमचा मागे घेतला आणि पोराच्या हातात ब्रश दिला. ‘आता ह्या हातानं कोणापाशी काई मागाचं नाई,’ एवढंच बाप बोलला होता. तो हात गेला असं गावाला कळलं तर लोक कीव करतील, आणि कीव घेणं म्हणजे पुन्हा तेच पसरणं, असं इंद्रभानच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. घरात गंगूला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे लपण्यासारखं नव्हतं. तिला त्याने तथागताची शपथ घातली. गंगू म्हणाली, “शपथ कायले घालता? मी काय दवंडी पिटाले चालली हाय?”

दुष्काळाची सालं सरली, कपाशी बरी आली आणि अडून राहिलेली लग्नं एकदम निघाली. पेट्यांची रीघ लागली. त्यातच लोक अकोल्याहून फवाऱ्याने रंगवलेल्या पेट्या आणू लागले. कडेला गडद आणि मध्ये फिकट होत जाणारा तो रंग, आणि पत्र्याच्या साच्यातून उठवलेलं नाव. ते पाहून इंद्रभानला धस्स झालं आणि लगेच हायसंही वाटलं. साच्यातून फवारायला हात कशाला स्थिर हवा? नावाचे साचे अकोल्यात कापून मिळत. अक्षर साचा धरून ठेवतो, हात नुसता फिरला पाहिजे.

तो अकोल्याला गेला. रंगाच्या दुकानातला म्हातारा विक्रेता बडबड्या होता, पण माहितगार होता. त्याने फवाऱ्याच्या दोन गन काचेवर ठेवल्या.

“ही मोठी. हिला टाकीवाला कॉम्प्रेसर लागतो, मोटर लागते. ही दुसरी कमी दाबाची. हिला जोर नको, पण हवा भरपूर पाहिजे आणि अखंड पाहिजे. हा चापाचा घोडा दाबा न दाबा, हिच्या तोंडातून हवा वाहतच असते. कमी दाब म्हणजे कमी हवा, असं समजून लोक नेतात आणि आठ दिवसांत परत आणतात. हवा कमी पडली की फवारा मोडतो, थेंब पडतात. समजलं?”

“समजलं,” इंद्रभान म्हणाला.

“अजून एक. दाब कमी, म्हणून रंग पातळ करावा लागतो. थिनर जास्त घाला. आणि दारंखिडक्या उघडी ठेवत जा, त्या वासानं डोकं फिरतं.”

ह्या बोलण्यातलं पहिलं इंद्रभानने गाठीला बांधलं आणि शेवटचं दुकानाच्या पायरीवरच सोडून आला.

कारंज्याच्या एसटी स्टँडपाशी मदनसिंगचं टायरचं दुकान होतं. आडदांड, बोलघेवडा माणूस, आणि इंद्रभानचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे ट्रकच्या चाकांत हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. त्याची नळी गनला जोडून पाहिली, तर रंगाचा नुसता धूर झाला. पेटीवर बसला तो वाळल्यावर रव्यासारखा हाताला लागला. जोर भलताच होता.

“चावी लावून दाब उतरवतो ना यार,” मदनसिंग म्हणाला. “तू पेट्या इथंच आणत जा. मांगं छपरी खाली हाय, दोन्ही बाजूनं उघडी. कर मजेत काम.”

“इथं नाई जमत. रस्त्याची धूळ बसते ओल्या रंगावर.”

“तं ताडपत्री लावू.”

“नाई म्हटलं ना.”

धूळ हे निमित्त होतं. स्टँडवर दिवसभर माणसांचा राबता. तिथे उघड्यावर हात फिरवायचा म्हणजे सगळ्या तालुक्याला तमाशा दाखवायचा. मदनसिंगने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि दोस्तासाठी एक जुगाड करून दिलं. लोहाराच्या भात्यासारखे दोन छोटे भाते, लाकडी फळ्या आणि ट्रकच्या ट्यूबचं रबर लावून, शेजारीशेजारी बसवले. त्यावर उभं राहायचं आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर भार टाकायचा. एक भाता दबला की दुसरा आपसूक फुगायचा. हवा नळीने एका जुन्या ट्यूबमध्ये जाई, तिथे तिचे हिसके मोडत, आणि तिथून ती एकसारखी गनमध्ये. वीज नको, मोटर नको.

“दाब येते वजनातून, हवा येते पायातून,” मदनसिंगने सांगितलं. “वजनदार माणूस उभा कर, आन् पाय थांबू देऊ नको.”

पायभात्यावर गंगू उभी राहिली. दुसरं कोण राहणार? घरात पोरंबाळं नव्हती, आणि गडी ठेवावा तर तो गावभर बोलत सुटणार. गंगू तेव्हा अंगाने चांगली भरलेली होती. भिंतीतल्या खुंटीला धरून ती अशी काही पाय टाकायची की फवारा कापसासारखा मऊ आणि सरळ जायचा. पहिली पेटी झाली तेव्हा दोघं तिच्यासमोर उकिडवी बसली. गुलबक्षी रंग मध्ये फिकट होत गेला होता आणि साच्यातलं ‘सुभद्रा’ असं उमटलं होतं की इंद्रभानच्या चांगल्या दिवसांतल्या हातानेही काढलं नसतं. “पाह्य, किती साजरं दिसून राह्यलं,” गंगू म्हणाली. इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

आता त्या खोलीचं सांगायला पाहिजे. इंद्रभानचं घर एका जिनिंगच्या मागे होतं. हंगामात सरकीपासून रुई निघायला लागली की बारीक तंतू हवेत भरून राहायचे. जेवणाच्या ताटात, केसांत, पापण्यांवर. ओल्या पेटीवर एक तंतू बसला तरी वाळल्यावर केस चिकटल्यासारखा दिसे. आणि हंगाम नेमका लग्नांचाच. म्हणून इंद्रभानने खिडकी फळ्या ठोकून बंद केली, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या, कौलांखाली गोणपाटं ताणली. खोली अशी बंद केली की आतला वास बाहेर जायचा नाही आणि बाहेरचा डोळा आत यायचा नाही. ह्या दुसऱ्या सोयीवर तो मनातून जास्तच खूष होता.

तो स्वतः एक पेटी फवारून झाली की ती आतच वाळत ठेवून बाहेर यायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा, पुढची पेटी घासायचा. गंगू आतच. तिला नळी बघायची असे, पातळ रंग ढवळायचा असे, गनची टोपी थिनरमध्ये धुवायची असे. हात थरथरत असल्याने ती नाजूक टोपी इंद्रभानच्या हातून निसटे, म्हणून तेही काम तिच्याकडे. दिवसभर तिचे हात कोपरापर्यंत थिनरने ओले असत. संध्याकाळी ती बाहेर आली की भिंतीला धरून थोडा वेळ उभी राहायची. “गरगरते,” म्हणायची, आणि चूल पेटवायला जायची.

एक हंगाम असा छान गेला. दुसरा लागला आणि फवारा बिघडू लागला.

आधी कडा फाटल्या. मग मधूनच गन थुंकायची, पेटीवर शिंतोडे पडायचे. इंद्रभानने सुई बदलली, टोपीची भोकं घोड्याच्या केसाने साफ केली. ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली, एक बुडबुडा निघाला नाही. नळीच्या सांध्यांना साबण लावून पाहिला. कुठेही हवा फुटत नव्हती, तरी दाब पुरत नव्हता. मग त्याला विक्रेत्याचं बोलणं आठवलं, दाब कमी तर रंग पातळ. त्याने थिनर वाढवला. फवारा सुधारला. काही दिवसांनी पुन्हा बिघडला, त्याने पुन्हा वाढवला. खोलीत शिरलं की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. पण तो शिरायचा आणि निघायचा. राहणारी आतच राहत होती.

त्याची थोरली बहीण लिलाबाई शेजारीच राहायची. ती एकदा अंगणात त्याला अडवून म्हणाली, “काबे इंद्रभान, बायकोकडे पाह्यतं का नाई? गंगू कशी पांढरीफटक पडून राह्यली. दातातून रगत येते तिच्या.”

“सावलीत असते म्हून गोरी दिसते. इतरायच्या बाया उन्हात मरतात, ते पाह्य.”

“आन् पायावर ते काळेनिळे डाग?”

“भात्याच्या फळीचे. मी फडका गुंडाळून देतो फळीले.”

त्याने खरंच फडका गुंडाळून दिला. म्हणजे मनाने वाईट नव्हता. पण काही माणसांना जे बघायचं नसतं त्याला ते चटकन एक कारण शोधतात, आणि कारण सापडलं की काम झालं असं समजून उठतात. लिलाबाई गूळ-शेंगदाणे आणून द्यायची, गंगू दोन दाणे तोंडात टाकून बाकीचे पदराला बांधायची. चोळ्या ढगळ व्हायला लागल्या तेव्हा तिने त्या रात्रीतून शिवून आत घेतल्या आणि नवऱ्याला काही बोलली नाही.

एका मोठ्या घरच्या लग्नाच्या पेट्या आल्या. तीन बहिणींचं एकाच मांडवात लग्न होतं, मंगरूळपीरकडची मंडळी होती. पहिल्याच पेटीवर गन अशी थुंकली की सगळा पत्रा पुसून पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. इंद्रभान संतापाने लाल झाला. त्याने गन आणि रंगाचा डबा पिशवीत टाकला, भाता नळीसकट डोक्यावर घेतला आणि तडक स्टँडवर मदनसिंगसमोर आपटला.

“तुह्या भात्यात खोट हाय.”

मदनसिंगने भाता उलटासुलटा पाहिला. नळी जोडली, गन जोडली, तिच्या पेल्यात थोडा रंग ओतला, स्वतः फळ्यांवर चढला आणि पाय टाकू लागला. इंद्रभानने भिंतीकडे गन धरून घोडा दाबला. फवारा पहिल्या दिवसासारखा सुटला, मऊ आणि सरळ.

मदनसिंग खाली उतरला. हसरा माणूस, पण हसला नाही. “भात्याले काई झालं नाई. वजन कमी पडून राह्यलं.” मग म्हणाला, “भाऊ, वहिनीले डाक्टरले दाखव. आजच दाखव. मी येतो संगं.”

इंद्रभानने ह्यातलं पहिलं ऐकलं. वजन कमी पडतंय! एवढ्याशा गोष्टीसाठी आपण सुई बदलली, टोपी साफ केली, महिनोन्महिने डोकं फोडलं! त्याला इतका आनंद झाला की दोस्ताचं पुढचं बोलणं कानावरून वाऱ्यासारखं गेलं. “दाखवतो, दाखवतो, येवढ्या पेट्या होऊ दे,” असं काहीतरी बोलून तो भाता घेऊन परत निघालाच.

घरी येऊन त्याने एक गोणपाट कापलं, त्याची पिशवी केली, ओढ्यातली रेती भरली आणि दोन पट्टे लावले. पोरं दप्तर अडकवतात तशी ती गंगूच्या पाठीला अडकवली.

“हे काय हो?”

“वजन. तुहं वजन कमी पडून राह्यलं, म्हून फवारा मोडते. मदनसिंगनं पत्ता लावला.”

गंगूने पट्टे खांद्यावर नीट सरकवले. “बरं,” म्हणाली. मग भिंतीतली खुंटी दोन्ही हातांनी धरून ती फळीवर चढली.

हे सांगताना जीभ जड होते, पण झालं ते असंच झालं. रेती पाठीवर घेऊन गंगूने तिन्ही बहिणींच्या पेट्यांना हवा पुरवली. दार बंद, चिंध्या कोंबलेल्या, थिनरचा वास असा की विजेच्या दिव्याभोवती निळसर दिसावं. इंद्रभान गन फिरवत होता आणि फवारा सुरेख पडत होता. शेवटच्या पेटीवर त्याने साचा ठेवला, नाव उठवलं, साचा उचलला. कुठे एक शिंतोडा नाही. “झालं गंगू, झालं! थांब आता,” तो म्हणाला, आणि मागे वळला. गंगू थांबलेली नव्हती. तिचे पाय अजून हलत होते, डोळे उघडे होते, आणि नाकातून रक्ताची धार चोळीवर उतरत होती. त्याने पिशवीचा पट्टा ओढला तेव्हा ती पिशवीसकट त्याच्या अंगावर आली. पिशवी जड लागली. गंगू लागली नाही.

गावातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी अकोल्याला न्यायला सांगितलं. मदनसिंगने कोणाची तरी गाडी मिळवली. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गंगूचे हात हुंगले आणि विचारलं, “ही कशात काम करते?” इंद्रभानने सगळं सांगितलं, खोली, फळ्या, चिंध्या. डॉक्टर रागावले नाहीत, ते त्याला जास्त लागलं. “हाडांत रक्त तयार व्हायचं थांबलंय,” ते म्हणाले. “बाहेरचं देऊन बघू. पण फार उशीर झालाय.” मदनसिंगने रक्त दिलं, लिलाबाईच्या नवऱ्याने दिलं, कारंज्याहून वस्तीतली माणसं येऊन देऊन गेली. इंद्रभाननेही दिलं. ते काही दिवस तिच्या गालांवर दिसायचं आणि मग कुठे जायचं ते कळायचं नाही.

एका दुपारी व्हरांड्यात मदनसिंगने चहाची कपबशी त्याच्या हातात दिली. इंद्रभानचा हात असा हलला की कप बशीवर वाजायला लागला आणि चहा मनगटावर सांडला. त्याने घाईने दुसरा हात आडवा धरला. मदनसिंगने कप काढून घेतला आणि फुंकून त्याच्या तोंडाशी धरला.

“पे. माह्यापासून कायले लपवतं? मले मालूम नाई का तुहा हात?”

इंद्रभानने कपावरून तोंड बाजूला घेतलं.

“साऱ्या स्टँडले मालूम हाय. तू ब्रशानं लिवत होता तवापासून. लोक पेटी घेऊन जात, त्या वाकड्या अक्षरासकट. कोणी बोल्लं का तुले? म्हून तं म्हणत होतो, छपरीत ये, उघड्यावर ये. तू आइकलंच नाई.”

इंद्रभानला रडू आलं नाही. त्याला आपली किळस आली. जे जगाला माहीत होतं ते जगापासून लपवायला त्याने फळ्या ठोकल्या होत्या, आणि त्या फळ्यांच्या आत एका बाईला उभं केलं होतं. पाठीवर रेती देऊन. तो उठला आणि आत गेला.

गंगू जागी होती. तिच्या ओठांचा रंग उशीच्या अभ्र्यासारखा झाला होता. तो खाटेच्या कडेवर बसला.

“गंगू, माह्या हाताचं लोकायले मालूम होतं. साऱ्यायले.”

“हो.”

“हो म्हंजे? तुले मालूम होतं?”

“नळावर बाया इचारत. भाऊचा हात कसा हाय म्हून. मी म्हणो, बरा हाय.”

“मंग मले काहून नाई सांगतलं? सांगतलं असतं तं मी छपरीत गेलो असतो. तू वाचली असती, गंगू.”

बोलायला तिला दम गोळा करावा लागत होता.

“छपरीत नसते गेले तुमी. ब्रश ठेवला असता खाली, आन् घरात बसले असते भिताडाकडे तोंड करून. मी पाह्यलं हाय तुमाले तसं, तो काना बिघडला त्या दिवशी. पेटी साजरी झाली का तुमी गाणं म्हणत. मले ते आवडे. म्हून पाय टाकत राह्यली.”

त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग तो नुसता धरून बसला. हात थरथरत होते आणि त्याला वाटलं, तिला थंडी वाजतेय; त्याने आपल्या खांद्यावरचा दुपट्टा तिच्या अंगावर घातला, पुन्हा हात धरला. थरथर चालूच होती, म्हणून त्याला धीर वाटत होता. सिस्टर आली, तिने गंगूचं मनगट त्याच्या मुठीतून सोडवून घेतलं, नाडी बघितली आणि ते खाटेवर ठेवलं, तेव्हा त्याला दिसलं की थरथरत होता तो एकट्या त्याचाच हात.